सांगलीत बसून ब्लॉकचेन-क्रिप्टोच्या लाईनमध्ये नोकरी कशी शोधायची

प्रश्न थोडक्यात असा आलाय: इस्लामपूरकडचा पोरगा, कॉम्प्युटरमध्ये बी.टेक., पास होऊन वर्ष झालं, पुण्यात साठ हजार भरून 'सर्टिफाइड ब्लॉकचेन डेव्हलपर'चा कोर्स केला, लिंक्डइनवरनं दिसेल तिथं अर्ज टाकले, एकाचंही उत्तर नाही. घरचे म्हणतात एमपीएससी दे नाहीतर बँकेच्या परीक्षा दे. विचारतोय की दादा या लाईनमध्ये खरंच नोकऱ्या आहेत का नुसती हवा आहे, आणि सांगली सोडावीच लागेल का.

मी स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट (ब्लॉकचेनवर, म्हणजे सगळ्यांना दिसणाऱ्या सामायिक खातेवहीवर, आपोआप चालणारे नि पैसे हाताळणारे प्रोग्रॅम) ऑडिटचं काम करतो, म्हणजे दुसऱ्यानं लिहिलेला कोड वाचायचा आणि त्यातनं पैसे कुठून गळतील ते शोधायचं. आधी हिंजवडीत जावा बॅकएंडवर होतो, आता बरीच वर्षं विश्रामबागेत घरनंच चाललंय. माणसं घ्यायच्या इंटरव्ह्यूला पलीकडच्या बाजूला पण बसतो, त्यामुळं तुझा अर्ज कुठं अडकत असेल याचा अंदाज आहे.

सगळ्यात आधी ते सर्टिफिकेट रेझ्युमेच्या वरच्या ओळीतनं खाली ने. फेकून दे म्हणत नाही, घरच्यांचे पैसे गेलेत, पण या लाईनमध्ये सर्टिफिकेट कोण बघत नाही रे. इथला सगळा माल उघड्यावर असतो. कॉन्ट्रॅक्टचा कोड इथरस्कॅन या साइटवर कुणीही वाचावा, प्रोजेक्ट गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर, ऑडिटचे रिपोर्ट पब्लिक, कोणी कुठं चूक केली ते सुद्धा पब्लिक. मग ज्याला माणूस पाहिजे तो म्हणणारच की तुझंही काहीतरी उघड्यावर असेल, दाखव. आणि तू कोर्समधला टोकन (चेनवरचं डिजिटल नाणं) नि एनएफटी (एकमेव डिजिटल वस्तूची नोंद) मिंट करायची, म्हणजे नवी बनवायची, साइट दाखवलीस की तो टॅब बंद करतो, कारण तोच प्रोजेक्ट, तीच बटणं, त्या बॅचच्या सगळ्या पोरांच्या गिटहबवर असतात. मी स्वतः असे कितीतरी बंद केलेत.

आता नोकऱ्या आहेत का, तर आहेत. पण 'ब्लॉकचेन डेव्हलपर' नावाची एक वेगळी जात असते आणि सगळी कंपनी त्यांनीच भरलेली असते असं जे कोर्सवाले सांगतात ते खोटं आहे. एखादं एक्स्चेंज (क्रिप्टो खरेदी-विक्रीचा बाजार) किंवा वॉलेटची (क्रिप्टोच्या चाव्या ठेवायच्या ॲपची) कंपनी घे, सॉलिडिटी (स्मार्ट कॉन्ट्रॅक्टची भाषा) लिहिणारी माणसं हाताच्या बोटावर मोजण्याइतकी, बाकी बॅकएंड, फ्रंटएंड, टेस्टिंग, डेव्हऑप्स, डेटा, सपोर्ट, अकाउंट्स, केवायसी. म्हणून मी विचारणाऱ्या प्रत्येकाला एकच सांगतो, ब्लॉकचेन शिकून नोकरी शोधायला जाऊ नको, तुला जे काम आधीच येतंय तेच काम या धंद्यात कुठं लागतंय ते शोध आणि तिथनं आत शीर. आत शिरल्यावर बाकीचं येतंच.

तुझंच बघ. कॉलेजात चार वर्षं जावा केलंयस. इथेरियमचं, म्हणजे स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट जिथं चालतात त्या एका मोठ्या ब्लॉकचेनचं, नेटवर्क ज्या क्लायंट सॉफ्टवेअरवर चालतं ते एका भाषेत नाही. गेथ गो मध्ये आहे, नेदरमाइंड सी-शार्पमध्ये, लाइटहाउस रस्टमध्ये, आणि बेसू नि तेकू हे दोन्ही चक्क जावात. वेबथ्रीजे नावाची जावाची लायब्ररी आहे ती वेगळीच. सगळे ओपन सोर्स. तिथल्या इश्यूंमध्ये (करायच्या कामांच्या यादीत) 'गुड फर्स्ट इश्यू' असं लेबल लावलेली कामं पडलेली असतात, एखादा टेस्ट सुधारायचा, एखादा एरर मेसेज नीट करायचा, डॉक्युमेंटेशन जुनं झालंय ते बदलायचं. फालतू वाटतंय ना? पण तिथं रिव्ह्यू करणारी माणसं खरी प्रोटोकॉल इंजिनिअर असतात, ती तुझ्या कोडवर कमेंट टाकतात, तू दुरुस्त करतोस, मग मर्ज होतं, आणि ते सगळं संभाषण कायम तिथं राहतं. असे चार-पाच पुल रिक्वेस्ट (माझा बदल कोडमध्ये घ्या असे पाठवलेले प्रस्ताव) ज्याच्याकडं आहेत त्याला मी सर्टिफिकेटवाल्या दहा जणांच्या आधी कॉल लावीन. इथेरियम फाउंडेशनची प्रोटोकॉल फेलोशिप पण असते, निवड नाही झाली तरी सोबत काम करायला अडवत नाहीत. आणि तुझे ज्युनिअर जे अजून कॉलेजात आहेत, वालचंदला, आरआयटीला, कराडच्या गव्हर्न्मेंटला, त्यांना 'समर ऑफ बिटकॉइन' सांग, विद्यार्थ्यांसाठीच आहे, स्टायपेंड मिळतो.

दुसरी वाट सिक्युरिटीची, जी माझी आहे, त्यामुळं इथं जरा जास्त बोलणार, चालवून घे. विट्याकडची गलाईवाली माणसं जुनं सोनं वितळवून अस्सल किती नि भेसळ किती ते वेगळं काढून देतात, आमचं काम जवळपास तेच, फक्त भट्टीच्या जागी लॅपटॉप. सॉलिडिटीचं बेसिक शिकायला पैसे लागत नाहीत, सायफ्रिन अपड्राफ्टवर पॅट्रिक कॉलिन्सचे कोर्स फुकट आहेत, ते कर, सोबत फाउंड्री (कॉन्ट्रॅक्ट तपासायचं टूल) शिक. मग ओपनझेपलिनचं एथरनॉट, त्यानंतर डॅम व्हल्नरेबल डीफाय, ही दोन्ही मुद्दाम भोकं ठेवलेली कोडी आहेत, ती उत्तरं न बघता सोडव. २०१६ च्या जूनमधला 'द डाओ' या इथेरियमवरच्या सामायिक फंडाचा हॅक तर कळलाच पाहिजे, कॉन्ट्रॅक्टनं आधी पैसे पाठवले आणि शिल्लक नंतर कमी केली, मधल्या फटीत समोरच्यानं परत परत हात घातला आणि छत्तीस लाखाच्या वर इथर (इथेरियमचं नाणं) गेले. पण एक सांगतो, ही परत परत आत शिरायची युक्ती, रीएंट्रन्सी, आता सगळ्यांना पाठ आहे, इंटरव्ह्यूला तेवढंच सांगून भागत नाही.

खरी भोकं कसली असतात त्याचा एक नमुना देतो. यूएसडीसी हे डॉलरच्या किमतीला बांधलेलं टोकन इथेरियमवर सहा दशांश स्थळांचं आहे, म्हणजे कॉन्ट्रॅक्टच्या आत १ डॉलर हा १०,००,००० असा लिहिलेला असतो. इथर आणि बहुतेक टोकन अठरा दशांशांची. आता कर्ज देणारा एखादा प्रोटोकॉल घे. तारणाची किंमत तो अठरा दशांशांत काढतोय आणि कर्जाचा आकडा यूएसडीसीच्या सहा दशांशांत तसाच उचलतोय, दोन्ही एका पातळीवर आणायची ओळ राहून गेलीय. कोड कंपाइल होतो, टेस्ट पण पास होतात, कारण टेस्ट लिहिणाऱ्यानं सोयीसाठी अठरा दशांशांचंच खोटं टोकन वापरलेलं असतं! आणि प्रत्यक्षात १ डॉलरचं तारण हिशोबात दहाच्या बारा घातानं फुगलेलं दिसतं, म्हणजे एक डॉलर ठेवून एक लाख कोटी डॉलर कर्ज घ्यायची परवानगी. तेवढे तिजोरीत नसतात, पण जेवढे असतील तेवढे जातात. यात ब्लॉकचेनचं काय विशेष ज्ञान लागलं? काही नाही, एकक तपासायची सवय लागली. दहावीच्या फिजिक्सला सर ओरडायचे तीच.

अशी चूक सापडली की नुसतं 'इथं बग आहे' म्हणून चालत नाही. फाउंड्रीत टेस्ट लिहायचा, खरं यूएसडीसी जसं आहे तसं सहा दशांशांचं टोकन घ्यायचं, हल्लेखोराच्या पत्त्यावरनं एक डॉलर ठेवायचा, तिजोरी रिकामी करून दाखवायची, आणि मग इंग्रजीत सरळ लिहायचं की काय होतंय, कशामुळं होतंय, कुणाचं किती जाईल, कुठली ओळ बदलायची. हे लिहिणं लई महत्त्वाचं आहे. आपल्याकडची पोरं इथं मागं पडतात, कोड वाचण्यात नाही. भारी इंग्रजी नको, छोटी वाक्यं पाहिजेत. रोज एक जुना पब्लिक रिपोर्ट वाच, कोडफोररीना आणि शेरलॉक या ऑडिट-स्पर्धांच्या साइटवर ढिगानं पडलेत, आधी फक्त कोड बघ, स्वतःची यादी काढ, मग रिपोर्ट उघड आणि काय सुटलं ते बघ. असं तीन-चार महिने नेटानं केलंस तर तुझ्या डोळ्यात फरक पडतो.

मग या बग शोधायच्या स्पर्धांमध्ये उतरायचं. कोडहॉक्स या साइटवर नवख्यांसाठी 'फर्स्ट फ्लाइट' असतात, छोटा कोड, तिथनं सुरू कर. पण याला पगार समजू नको. एकच बग शंभर जणांना सापडला तर बक्षीस शंभरात वाटलं जातं, हातात चहा-पोह्याचे पैसे येतात. त्यात आता एआयनं सोपे बग चाळून काढतात आणि रिपोर्टचा नुसता पाऊस पाडतात, त्यामुळं सोपं ते सगळं गेलंच म्हणून समज, धंद्याचं लॉजिक जिथं चुकलंय तेच सापडलं तर तुझं. तरीपण मी स्पर्धा कर म्हणतो, कारण तुझ्या नावानं निकालाचं पान तयार होतं आणि ऑडिट कंपन्या तिथनंच पोरं उचलतात.

कोड न येणाऱ्यांसाठी दोन गोष्टी, कारण हे बी.कॉम.वाले पण वाचत असणार. मार्च २०२३ मध्ये सरकारनं क्रिप्टोचा व्यवहार करणाऱ्या कंपन्यांना मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली आणलं, एफआययूकडं (संशयास्पद व्यवहारांवर नजर ठेवणारी केंद्राची संस्था) नोंदणी सक्तीची झाली. त्याच वर्षी डिसेंबरात बाहेरच्या नऊ एक्स्चेंजना नोटिसा गेल्या, त्यातल्या बायनान्सला २०२४ मध्ये १८.८२ कोटींचा दंड झाला. याचा अर्थ प्रत्येक एक्स्चेंजला केवायसी तपासणारी, संशयास्पद व्यवहार पकडून रिपोर्ट करणारी माणसं लागतातच, मंदी असो नाहीतर तेजी. बँकेत किंवा पतसंस्थेत केवायसीचं काम केलेल्या माणसाला ही चांगली वाट आहे. एसक्यूएल येत असेल तर ड्यून नावाच्या साइटवर चेनवरचा डेटा उघडा असतो, क्वेरी लिहून डॅशबोर्ड बनवता येतो, तोच तुझा रेझ्युमे. इन्फ्लुएन्सर किंवा 'कम्युनिटी मॅनेजर' व्हायचं म्हणणाऱ्यांना मी काय सांगणार नाही, मला त्यातलं पटत नाही.

सरकारी बाजूला पण थोडं आहे. गडचिरोलीतल्या एटापल्लीत २०२२ मध्ये ६५,००० जातीचे दाखले पॉलिगॉन या ब्लॉकचेनवर नोंदवायचं काम हाती घेतलं होतं, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रानं 'विश्वस्य' नावाचा ब्लॉकचेन स्टॅक आणला, त्यात एनआयसी, सी-डॅक या सरकारी संस्था आहेत. या बाजूला हायपरलेजर फॅब्रिकसारखी बंद (ठराविक संस्थांनाच प्रवेश असलेली) नेटवर्कं चालतात, गो किंवा जावा येत असलेलं बरं. पगार कमी पण घरच्यांना सांगायला सोपं.

आता जे नीट वाचायचंय ते. या लाईनमध्ये नोकरी शोधणारा माणूस हाच चोरांचा आवडता माल आहे. २०२२ मध्ये रोनिन या गेमिंगच्या ब्लॉकचेन नेटवर्कमधनं सुमारे ६२ कोटी डॉलर गेले, अमेरिकेच्या एफबीआयनं उत्तर कोरियाच्या लाझारस टोळीचं नाव घेतलं, आणि नंतर बातम्यांत आलं की सुरुवात एका इंजिनिअरला दिलेल्या खोट्या नोकरीच्या ऑफरपासनं झाली होती, इंटरव्ह्यू बिंटरव्ह्यू सगळे व्यवस्थित घेतले आणि शेवटी ऑफर लेटरची पीडीएफ पाठवली, तिच्यात व्हायरस. तो तर अनुभवी माणूस होता. तुझ्यासारख्या वर्षभर वाट बघत बसलेल्याला तर कोण पण गाठेल.

आजकाल पद्धत अशी आहे. लिंक्डइनवर एक बाई मेसेज करते, प्रोफाइल झकास, तुझ्या गिटहबचं कौतुक करते (तुझ्या गिटहबवर काय नसताना!), पगार डॉलरमध्ये सांगते, आणि म्हणते की छोटी टेस्ट आहे, हा रिपो (कोडचं फोल्डर) घे, एनपीएम इन्स्टॉल करून (लागणारी पॅकेजं उतरवून) चालव आणि बग दुरुस्त कर, तासाभरात पाठव. तू घाईत चालवतोस. कोडच्या एखाद्या फाइलमध्ये स्क्रीनच्या बाहेर, लांब उजवीकडं सरकवून एक ओळ लपवलेली असते, ती ब्राउझरमधले पासवर्ड आणि मेटामास्क वॉलेटच्या चाव्या उचलून पाठवते. दुसरा प्रकार, व्हिडिओ इंटरव्ह्यूच्या साइटवर तुझा कॅमेरा चालत नाही असं दाखवतात आणि 'ड्रायव्हर अपडेट'साठी एक कमांड टर्मिनलमध्ये पेस्ट करायला सांगतात. पेस्ट केली की खेळ खल्लास. म्हणून अनोळखी कोड स्वतःच्या मशीनवर कधीच चालवायचा नाही, व्हर्च्युअल मशीन नाहीतर गिटहब कोडस्पेसमध्ये, आणि आधी पॅकेज डॉट जेसन उघडून पोस्टइन्स्टॉलमध्ये (इन्स्टॉल होताच आपोआप चालणाऱ्या कमांडमध्ये) काय आहे ते वाचायचं. ज्या लॅपटॉपवर नोकऱ्या शोधतोस त्यावर पैशाचं वॉलेट नको. आणि एखाद्या खऱ्या कंपनीच्या माणसाला 'मी हे सँडबॉक्समध्ये चालवलं' असं सांगितलंस तर तो नाराज होत नाही, उलट खूश होतो.

दुसरं, टेलिग्रामवरच्या 'क्रिप्टो कंपनीत पार्टटाइम' जाहिराती. आधी यूएसडीटी (डॉलरला बांधलेलं आणखी एक टोकन) भरा मग टास्क मिळेल, ही नोकरी नाही लका, लूट आहे. आणि त्याहून वाईट म्हणजे 'तुमचं बँक खातं वापरू द्या, पीटूपीचे (माणसा-माणसातले थेट क्रिप्टोचे) व्यवहार होतील, कमिशन देऊ'. ते पैसे कुठल्यातरी फसवलेल्या म्हाताऱ्याचे असतात, चार दिवसांनी केरळच्या नाहीतर तेलंगणाच्या सायबर पोलिसांच्या सांगण्यावरनं खातं गोठतं, आणि आरोपी म्हणून नाव तुझं. फसलास तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, उशीर नको. नोकरी देणारी कंपनी तुझ्याकडनं पैसे मागत नाही, ट्रेनिंगचे नाही, लॅपटॉपचे नाही, गॅस फीचे (चेनवरच्या व्यवहाराचं शुल्क) पण नाही.

पैशाचं बोलू. बाहेरच्या बऱ्याच कंपन्या तुला कर्मचारी म्हणून घेत नाहीत, कॉन्ट्रॅक्टर म्हणून घेतात, म्हणजे पीएफ नाही, रजा नाही, इन्व्हॉइस तूच करायचं. ते विचारतील पैसे यूएसडीसीत चालतील का. मी म्हणेन शक्यतो बँकेत मागून घे. टोकनमध्ये घेतलंस तर ज्या दिवशी मिळालं त्या दिवसाच्या किमतीवर उत्पन्न म्हणून टॅक्स, नंतर विकताना जो फायदा होईल त्यावर २०२२ पासनं सपाट ३० टक्के, सेस वेगळा, विक्रीवर १ टक्का टीडीएस, आणि एकात झालेला तोटा दुसऱ्यात वजा करता येत नाही. बँकेत परकीय चलनात आलं तर जीएसटीत सेवेची निर्यात दाखवणं सोपं जातं, घराचं कर्ज काढताना बँकवाला स्टेटमेंट बघून मान डोलावतो. सांगलीत आता असे सीए आहेत ज्यांना ४४एडीए (१९६१ च्या आयकर कायद्यातलं, व्यावसायिकांचा नफा अंदाजानं धरायचं कलम) आणि एलयूटी (जीएसटी न भरता निर्यात करायचं हमीपत्र) हे दोन शब्द सांगितले की पुढचं समजतं, ज्याला समजत नाही तो बदल. आणि पगाराचा मोठा भाग कंपनीच्या स्वतःच्या टोकनमध्ये देतो म्हणणाऱ्याकडं ते टोकन शून्य धरून हिशोब कर, उरलेल्यात घर चालत असेल तरच हो म्हण.

मंदीचं पण लक्षात ठेव. २०२२ च्या मेमध्ये टेरा-लूना ही नाणी बुडाली, नोव्हेंबरात एफटीएक्स हे एक्स्चेंज, आणि मधल्या जूनमध्ये कॉइनबेससारख्या मोठ्या एक्स्चेंजनं १८ टक्के माणसं काढली होती. भाव पडला की नोकऱ्या जातात, यात तुझ्या कामाचा दोष नसतो. म्हणून पहिलं वर्ष खर्च सांगलीचाच ठेव आणि पगार आला म्हणून थार बुक करू नको.

सांगली सोडायला पाहिजे का, तर नाही. रिमोट काम भरपूर आहे, युरोपच्या टीमसोबत दुपारी दीडपासनं रात्री नऊपर्यंत चालतं, सकाळ आपली. दोन वेगळ्या कंपन्यांचं इंटरनेट आणि एक बरा इन्व्हर्टर पाहिजेच. पावसाळ्यात आयर्विन पुलाजवळच्या कृष्णेच्या पातळीवर नजर ठेवणारे आपण लोक, २०१९ नि २०२१ बघितलंय, त्यामुळं पाणी चढायला लागलं की टीमला आधीच कळवायचं आणि लॅपटॉप घेऊन मिरजेला कुणाकडं तरी जायचं, समजून घेतात. पण पहिली नोकरीच रिमोट मिळेल असं नाही, मुंबई-बेंगळुरूत वर्ष-दोन वर्षं बसून काम शिकायची संधी आली तर जा. भारतातली एक्स्चेंज असेल तर एफआययूकडं नोंदणी आहे का एवढं बघून जा. डेव्हकॉन म्हणजे इथेरियमचा सगळ्यात मोठा मेळावा, २०२६ चा मुंबईला ठरलाय, अशा ठिकाणी व्हॉलंटिअर म्हणून घुसलास तरी ओळखी होतात.

घरच्यांचं सांगायचं तर वडिलांशी क्रिप्टो शब्द काढूच नको. गेनबिटकॉइन या फसव्या योजनेत आपल्याकडच्या किती घरांचे पैसे गेले ते त्यांनी ऐकलेलं असतं, त्यांना तो सट्टाच वाटणार, आणि पूर्ण चूक पण नाही त्यांचं. मी लग्नाच्या बैठकीत 'बाहेरच्या कंपन्यांचं सॉफ्टवेअर तपासतो' एवढंच सांगितलेलं, ते खरंच आहे. एमपीएससीचा फॉर्म भरायचा तर भर, पण दोन्हीकडं अर्धा-अर्धा जीव लावलास तर दोन्ही जातात. घरच्यांशी बोलून सहा महिने मागून घे, आणि त्यांना दर महिन्याला काय केलं ते दाखव.

आणि अर्ज करताना 'रिस्पेक्टेड सर, आय ॲम अ पॅशनेट ब्लॉकचेन एन्थुझिआस्ट' हे बंद कर. चार ओळी पुरतात: तुमच्या अमुक कॉन्ट्रॅक्टचा अमुक भाग वाचला, त्यात हे फंक्शन असं का केलंय कळलं नाही किंवा इथं टेस्ट राहिलाय, मी लिहून पुल रिक्वेस्ट टाकलाय, ही लिंक, माझं बाकीचं काम इथं आहे. कंपनीच्या एचआरला नाही, ज्यानं तो कोड लिहिलाय त्या माणसालाच पाठव, गिटहबवर नाव असतंच. आठवड्याला असे दोनच जाऊ देत, पण खरोखर वाचून. आधी बेसूचा एक इश्यू उचल, आणि अडलं तर कुठल्या ओळीवर अडलं ते लिहून विचार.